बसू, ते वाक्य माझं होतं

बसू, तू जाऊन आज सतरा दिवस झाले. शिवगणाराधना झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मी लातूरहून नांदेडला परत आले, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. फायलींचं कपाट उघडते, सगळ्या फायली काढते, पुसते, क्रमाने लावते, आणि तासाभरात पुन्हा काढते. घरी कामाला येणारी बाई काल म्हणाली, "आजी, तुमचं जाऊ द्या, कपाट तरी दमलं असंल आता."

इरा कॅनडातून आणि निहार जर्मनीतून रोज फोन करतात. माझी नातवंडं, पण तुझी जास्त लाडकी. परवा इराने विचारलं, "आजी, मामाआजोबा नेमकं काय काम करायचे गं? आम्हाला एवढंच आठवतं, की कुठल्याही हॉटेलात शिरले की ते आधी मागचं दार शोधायचे, आणि ते उघडतं का हे ढकलून बघायचे." मी म्हटलं, लिहून पाठवते. बसले लिहायला, तर 'ते असे होते, ते तसे होते' या चालीवर पेन पुढे सरकेना. तुझ्याविषयी असं परक्यासारखं कसं लिहू? म्हणून तुलाच लिहिते आहे. मुलं खांद्यावरून वाचतील. त्यांच्यासाठी मधे मधे काही सांगावं लागेल, तेवढं चालवून घे.

पण आधी जे बोचतं आहे ते. आराधनेच्या दिवशी पंगत उठल्यावर गंगाधर आला होता. मुलांनो, गंगाधर हा मामाआजोबांच्या कारखान्यात माल वाहणाऱ्या पट्ट्यावर काम करणारा माणूस, अहमदपूरजवळच्या खेड्यातला. तेरा वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं कारखान्यात गेली. त्याने तुझ्या फोटोला डाव्या हाताने फूल वाहिलं, विभूती लावली, आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"बाई, माझ्या हाताचा जो कागद झाला व्हता, तो विंग्रजीत व्हता. मी त्याच्यावर अंगठा दिला, कारण सही करायला बोटं न्हव्हती. त्यात काय लिवलं हाय ते मला तेरा सालात कुणी वाचून दावलं न्हाई. साहेब गेले. आता तुमीच दावा."

मी म्हटलं, कागद नांदेडला आहे. तो म्हणाला, "मग मी नांदेडला येतो." मी मान डोलावली, आणि त्या क्षणापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कारण कागद तुझ्या सहीचा असला तरी आतलं वाक्य माझं आहे, हे तुला माहीत होतं आणि मला. आता फक्त मला.

क्रमाने सांगायचं ठरवलं होतं. जमेल तेवढं जमवते.

लातूरच्या एमआयडीसीतल्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात तू मॅनेजर झालास, तेव्हा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत असायचा. मी हैदराबादला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटात शिकलेली, पुढे नांदेडला मुलींना इंग्रजी शिकवणारी. तू गावातल्या शाळेतून थेट यंत्रांकडे गेलेला. त्यामुळे महिन्यातून एकदा तू एसटीने यायचास, पिशवीत अर्धा कच्चा चिवडा, अर्धे कागद.

"अक्का, तपास जरा."

"बसू, 'मशीन एकदम रागावलं' असं इंग्रजीत लिहितात का?"

"मग काय लिहू? रागावलंच व्हतं ते."

"यंत्रात बिघाड झाला, असं लिही."

"बिघाड झाला म्हणलं की वाटतं आपोआप झाला. रागावलं म्हणलं की इचार येतो, कुणी छळलं त्याला."

मी लाल पेनाने खोडायचे. तू चिवडा खात बघत राहायचास, आणि म्हणायचास, "एवढं नीटनेटकं करू नगंस गं, माझं वाटंना ते." मी हसायचे. मला वाटायचं, हे तुझं लाजणं आहे.

आता अपघात. इरा, निहार, आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखाना बंद ठेवून सगळं धुतात, पुसतात, झेंडूचे हार घालतात, हळदकुंकू लावतात. आणि कुंकू पत्र्याला लावून कोणाचंच समाधान होत नाही. ते थेट चाकाला लागलं पाहिजे. म्हणून पट्ट्याच्या चाकांवर हात जाऊ नये म्हणून ज्या लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात, त्या पूजेच्या दिवशी उघडल्या जातात. त्या वर्षीही उघडल्या. गंगाधरनेच पाना लावून नट सोडवले, तुझ्या सांगण्यावरून. जाळी भिंतीला टेकवून ठेवली, तिलाही एक हार घातला. पेढे वाटले.

दसरा उलटला, आणि सोयाबीनच्या गाड्या फाटकाबाहेर लागल्या. त्या साली माल ओला होता. शेंगांची टरफलं, चिखल, काड्या चाकात अडकायच्या आणि पट्टा घसरायचा. जाळी उघडी असली की काडी चटकन काढता यायची. म्हणून जाळी भिंतीलाच राहिली. तिच्यावरचा हार वाळला. चौथ्या दिवशी गंगाधरने चालत्या चाकातून काडी ओढली, आणि चाकाने त्याचा हात ओढला.

तू मला दवाखान्यातून फोन केलास. मागे कोणीतरी बाई रडत होती आणि तू नुसता "अक्का, अक्का" म्हणत होतास.

दोन दिवसांनी तू अहवालाचा मसुदा घेऊन नांदेडला आलास. त्या दिवशी चिवडा नव्हता. तुझ्या वाकड्यातिकड्या इंग्रजीतलं ते दीड पान मी त्याच टेबलावर वाचलं, ज्याच्यावर आत्ता लिहिते आहे. त्यात तीन गोष्टी होत्या. जाळी पूजेसाठी माझ्या परवानगीने काढली. गंगाधरने ती परत बसवू का असं दोनदा विचारलं, मी म्हणालो रविवारी बघू. आणि आदल्या दिवशी त्याने पट्टा थांबवून काडी काढली होती, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो, की पट्टा बंद ठेवून गाड्या काय तुझा बाप उतरवणार का.

हे शेवटचं सुद्धा तू लिहिलं होतंस, बसू. 'तुझा बाप' सकट.

मी काय केलं? मी म्हटलं, "हा रकाना बघ. अपघाताचं कारण, थोडक्यात. हे थोडक्यात आहे का?"

"न्हाई. पण खरं हाय."

"हे लिहिलंस तर उद्या तुला धरतील. मॅनेजर म्हणून कायद्याने तुझंच नाव आहे तिथे. चालत्या यंत्रात हात घालू नये अशी सूचना होती ना?"

"पाटी हाय की लावलेली."

"झालं तर मग."

आणि मी लिहिलं. एकच ओळ. 'सूचना असूनही कामगाराने चालू यंत्रात हात घातल्यामुळे.' इंग्रजीत ती याहून सुबक वाटते. कर्ता, क्रिया, कारण, सगळं आपापल्या जागी. खरं सांगते, लिहिताना मला तुझ्यासाठी भीती वाटत होतीच, पण लिहून झाल्यावर वाक्य चांगलं उतरल्याचं थोडंसं समाधानही वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पाटी इंग्रजीत होती, आणि गंगाधर सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेला, हे मला तेव्हा ठाऊक होतं. ते 'असूनही' मी ठाऊक असून लिहिलं.

तू वाक्य दोनदा वाचलंस. म्हणालास, "अक्का, लई चांगलं लिहिलंस." तुझा आवाज असा होता, की मी वर बघितलं नाही.

गंगाधरला कायद्याप्रमाणे भरपाई मिळाली. पण त्याला पुन्हा कोणी यंत्राजवळ उभं केलं नाही. हा सूचना न ऐकणारा माणूस, असं त्याच्या नावावर लागलं ते लागलं. ज्याने जाळीविषयी विचारलं होतं, तोच बेफिकीर ठरला. त्याने गाव गाठलं आणि कोरडवाहू शेत धरलं.

मुलांनो, यापुढचे मामाआजोबा तुम्हाला ठाऊक आहेत. दारं ढकलून बघणारे.

बसू, तू त्यानंतर कामाला लागलास ते एखाद्याला झपाटावं तसा. पहिली गोष्ट, कुलूप. ज्याला यंत्रात हात घालायचा आहे त्याने बटण बंद करायचं, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मॅनेजरने मागितली तरी द्यायची नाही. दुसरी, पट्टा कोणीही थांबवावा, कोणाला विचारू नये. एकदा मालक पाहुण्यांना प्लांट दाखवत होते आणि झाडणाऱ्या एका बाईने पदर ओढला जाईल असं वाटून पट्टा थांबवला. मालक चिडले. तू म्हणालास, "साहेब, तिला साडी द्यायची की मला नोटीस, ते तुमी ठरवा." साडी मिळाली. ती नेसून ती बाई तुझ्या घरी पाया पडायला आली, तेव्हा तू आतल्या खोलीत जाऊन बसलास. तुझी बायको मला म्हणाली, "वन्सं, ह्यांना चांगलं म्हणलं की हे पळतात."

बारीक धुळीसाठी तू मास्क आणलेस, कोणी लावेना. तू आठवडाभर रागावलास, आणि मग एकाला बाजूला घेऊन नीट विचारलंस. तो म्हणाला, "साहेब, तोंडात तंबाखू. थुंकायचं कसं?" तू मला फोनवर हसत हसत सांगितलंस, "अक्का, मी आठ दिवस भाषण करून राहिलो आणि उत्तर गालात व्हतं." मग थुंकायला सुट्टी, मग मास्क, अशी वेळ ठरवून दिलीस. हळूहळू तंबाखूच कमी झाली. सुरक्षेच्या त्या इंग्रजी पुस्तकांमध्ये, जी तू मला मराठीत समजावून द्यायला लावायचास, हे कुठेच नव्हतं.

आणि ती वही. थोडक्यात वाचलो, असं काही झालं की त्या वहीत लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचं. नाव कोणाचं घालायचं नाही, आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द त्या वहीत चालणार नाही, असं तू पहिल्या पानावर लिहून ठेवलंस. पहिली नोंद तुझी स्वतःची, मोबाइलवर बोलत शिडी चढलो. लोकांनी आधी हसून घेतलं, मग लिहायला लागले. खंडेनवमीला तर तू पेढ्यांचा खोका कुलपात ठेवायचास. पूजा झाली की सगळ्या जाळ्या परत बसायच्या, तू एकेक नट हाताने हलवून बघायचास, आणि मगच खोका उघडायचा. गुरवसुद्धा वैतागायचा. "साहेब, देव थांबला, पण पेढा थांबंना."

नव्या मॅनेजरांना तू जे सांगायचास ते मी इंग्रजीत उतरवून दिलं. अपघात झाला की 'कोणी केलं' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी स्वतःला विचारा, की मी त्याच्यावर कसली घाई लादली होती, काय सोपं ठेवलं होतं आणि काय अवघड. मी ते नीट, क्रमवार लिहून दिलं. ती पानं आजही तिथे चालतात. फक्त त्यात कोणीतरी पुढे दफ्तरातून एक उदाहरण घातलं. चित्रासह. सूचना असूनही एका कामगाराने चालू यंत्रात हात घातला. तुझ्याच शिकवणीच्या मधोमध माझं वाक्य. तू काढायला सांगितलंस, ते म्हणाले, साहेब, हे तर तुमच्याच सहीचं आहे. त्यानंतर ते चित्र पडद्यावर आलं की तू पाणी प्यायला बाहेर जायचास, हे मला तुझ्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरने परवा कौतुकाने सांगितलं. "साहेब फार हळवे होते," म्हणाला.

आपलं भांडण कधीच पुरं झालं नाही. निवृत्तीच्या आधी तू म्हणालास, दुरुस्तीचं पत्र देतो. मी म्हटलं, आता कशाला उकरतोस, निवृत्त हो आणि स्वस्थ बस. तू ऐकलंस. माझं तू नेहमी ऐकायचास, हीच तुझी चूक. मग गेल्या दिवाळीत तू आलास, फराळाला हात लावला नाहीस, आणि उभ्या उभ्याच सांगितलंस, की गंगाधरची रेणुका बीएस्सी होऊन आपल्या प्लांटच्या लॅबमध्ये लागली. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर तिलाही प्रशिक्षणाला बसवलं. पडद्यावर तिच्या बापाचं चित्र.

"नाव नव्हतं ना त्यात?" मी विचारलं.

"अक्का, चार बोटं गेलेला माणूस त्या पोरीनं आणखी कुठं बघितला असंल?"

मी फराळाचं ताट उचललं. तू म्हणालास, "मी जाऊन त्याला सगळं सांगतो."

"सांग. पण मग ते कोणी लिहिलं हेही सांगावं लागेल. पन्नास वर्षं मी या गावात शाळेच्या बाई म्हणून राहिले, बसू. मी शिकवलेल्या मुली कुठे कुठे आहेत आज. हे सगळं तू..."

"तुझं नाव मी घेणार न्हाई. आणि तुझं नाव न घेता खरं सांगता येत न्हाई. आता मी काय करू, तूच सांग."

आणि मी विचारलं, "चहा टाकू का?"

हे आपलं त्या विषयावरचं शेवटचं बोलणं. चहा टाकू का. तू "टाक" म्हणालास, आणि प्यायलास, आणि चारच्या बसने गेलास. बसमधून फोन केलास, चष्मा राहिला म्हणून. मी तो कुरिअरने पाठवला, वर नीट पत्ता लिहून. या सतरा दिवसांत मी हे बोलणं किती वेळा नव्याने बोलून पाहिलं. दरवेळी तुझा प्रश्न येतो, आणि दरवेळी मला काहीतरी सुचतं. तेव्हा नाही सुचलं.

तू कायमचा गेल्यावर पाचव्या दिवशी नव्या मॅनेजरचा फोन आला. भला माणूस आहे. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असतो, त्यासाठी छोटी पुस्तिका काढतो आहोत, पहिला लेख साहेबांवर, तुम्हीच लिहा, दोन पानं पुरेत. मी गंगाधर भेटायच्या आधीच 'हो' म्हटलं होतं. आराधनेनंतर घरी येऊन कपाट उघडलं. मी काही फेकत नाही हे तुला माहीत आहे. तुझा मसुदा अहवालांच्या फायलीत होता, माझ्या लाल रेघांसकट. तिन्ही परिच्छेदांवर आडव्या फुल्या. रेघासुद्धा पट्टीने मारलेल्या, बसू. मी पट्टी घेऊन मारल्या होत्या.

तीन पानं लिहिली. पहिल्या पानावर तू आणि तंबाखू आणि पेढे. दुसऱ्यावर तुझा मसुदा, मराठीत, फुल्या नसलेला. तिसऱ्यावर मी, की ते वाक्य माझं, आणि का लिहिलं. पाठवून दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन.

"मॅडम, पहिलं पान तर अप्रतिम. डोळ्यांत पाणी आलं. पुढचं आहे ते... म्हणजे साहेबांचीच प्रतिमा... आपण ते जरा थोडक्यात करूया का?"

"थोडक्यात एकदा केलंय मी."

"नाही, म्हणजे कायदेशीर बाजू असते, मला वरती विचारावं लागेल."

"विचारा. छापायचं तर तिन्ही पानं छापा. आणि प्रशिक्षणातलं ते उदाहरण काढण्याविषयी वेगळं पत्र पाठवलं आहे, माझ्या सहीचं. छापा न छापा, त्याची पोच मला द्या. रेणुकाला त्याची प्रत गेली आहे."

अजून पोच आलेली नाही. रोज टपाल बघते.

काल दुपारी गंगाधर आला. अहमदपूरहून एसटी, मग स्टँडवरून चालत. खुर्चीच्या कडेला बसला. चहाचा कप डाव्या हाताने उचलला. म्हणाला, "आदी जुना वाचा. मग दुसरं काय ते."

मी अहवालाची प्रत काढली, आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. सूचना असूनही.

"कोणची सूचना?"

"ती पाटी. चाकाजवळ होती ती."

"निळी व्हय?" त्याने जरा आठवलं. "तिच्यावर आमी टावेल वाळू घालत व्हतो, बाई."

मी दुसरा कागद घेतला. तुझा. परवानगी माझी होती, हे वाचलं. दोनदा विचारलं, हे वाचलं. त्याने हात वर केला, ज्या हाताला फक्त अंगठा आहे तो.

"दोनदा न्हाई. तीनदा. तिसऱ्यांदा साहेब फोनवर बोलून राहिले व्हते, त्यास्नी ऐकू गेलं नसंल."

मी पेन घेऊन मराठी प्रतीत 'तीनदा' केलं. मग पुढचं वाचलं, तुझा बाप. तो एकदम हसला.

"तेबी लिवलं व्हय साहेबानं!"

"लिहिलं होतं."

"मग मला कामून सांगितलं न्हाई? एवढं सगळं कबूल व्हतं, तर तोंडानं एक शबुद बोलायचा व्हता."

बसू, इथवर मी कागदाकडे बघत होते. आता मान वर करावी लागली. मी म्हटलं, "माझ्यामुळे. त्याने खरं लिहिलं होतं, मी खोडलं. ते दुसरं वाक्य माझं आहे. तो तुझ्याकडे येऊन सांगणार होता, मी माझ्या नावाच्या भीतीने त्याला अडवलं. दिवाळीतसुद्धा."

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, उठून जाईल. गेला असता तरी मी काय म्हणणार होते? बाहेर कोणी तरी गाडीला किक मारत होतं, ती सुरूच होईना. मग तो म्हणाला, "बाई, साहेब येळवशीला दरसाली माझ्या शेतात यायचे."

ते मला माहीत होतं. इरा, निहार, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आपल्या लातूरकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारतात, तिच्यात पूजा, आणि मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर ताकाची आंबील. बांधावरून कोणीही जाताना दिसला की त्याला हाक मारून कोपीपाशी बसवतात आणि ताट वाढतात. ओळख लागत नाही. मामाआजोबा त्या दिवशी न चुकता गंगाधरच्या शेतात जायचे.

"म्या त्यास्नी कवाच बसवलं न्हाई," गंगाधर म्हणाला. "बांधावरच उभं ठिवायचो. आंबिलीचा तांब्या हातात द्यायचो, बास. बायको म्हणायची, आवो, येळवशीला वैऱ्यालाबी बसवत्यात. मी म्हणायचो, ऱ्हाऊ दे उभं. मला वाटायचं, माझा हात खाल्ला, वर माझंच नाव घातलं, आता दरसाली बघाया येतो, जिता हाय का मेला." त्याने मराठी प्रत घेतली, तिची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "यंदाबी आले व्हते. गुडघा लई दुखत व्हता त्यांचा. एका पायावर भार देऊन उभं व्हते. मला दिसत व्हतं, बाई. तरी म्या बसा म्हणलं न्हाई."

तो कागद खिशात घालून बस धरायला गेला. मी दारात उभी राहिले.

बसू, येळवशीच्या संध्याकाळी दरवर्षी तुझा फोन यायचा. "अक्का, गंगाधरकडची आंबील लई झकास व्हती." ताक किती आंबट, लसूण किती, सगळं सांगायचास. उभ्याने प्यायलास, हे तेरा वर्षांत एकदाही बोलला नाहीस.